दाणा किती सरकवायचा?

धण्याचा एक दाणा साधारण चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या अंगावर देठापासून टोकापर्यंत उभ्या शिरा असतात. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत हे मला माहीत नव्हते, कारण तोवर मी धणे फक्त मुठीने पाहिले होते. गेल्या चैत्रात, पुण्यातल्या एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर, पंखा बंद करून आणि खिडकीला काळे कापड लावून, जेवणाच्या टेबलावर वाकून मी असा एक दाणा ताटाच्या कडेपासून कढईपर्यंत न्यायला बसले, तेव्हा त्या शिरा मला पहिल्यांदा दिसल्या. दाण्याचा घेर भरतो बारा-साडेबारा मिलिमीटर. म्हणजे तो चार मिलिमीटर पुढे न्यायचा असेल, तर त्याला स्वतःभोवती एक तृतीयांश वळणही द्यावे लागते, आणि ते वळण बरोबर बसले की नाही हे त्या शिरांवरूनच कळते. दाणा नुसता सरकवला आणि वळवला नाही, तर तो गडगडत नाही. कोणी दोऱ्याने ओढून नेल्यासारखा घसरत जातो. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे एवढे त्याला तत्क्षणी कळते.

स्टॉप मोशनचे काम सांगायला सोपे आहे. वस्तू ठेवायची, फोटो काढायचा, वस्तू किंचित हलवायची, पुन्हा फोटो काढायचा. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने धावतो. आम्ही बहुतेक वेळा एकच फोटो लागोपाठ दोन चित्रांपुरता धरतो, त्यामुळे सेकंदाला बारा फोटो पुरतात आणि वीस सेकंदांच्या जाहिरातीला दोनशे चाळीस. हे ऐकल्यावर लोक विचारतात की दोनशे चाळीस फोटो काढायला असा किती वेळ लागणार. फोटोंना वेळ लागतच नाही. वेळ जातो तो दोन फोटोंच्या मधल्या जागेत, जिथे हात चौकटीत शिरतो, दाणा हलवतो आणि बाहेर येतो. ती जागा चित्रफितीत कधीच दिसत नाही, पण या माध्यमाचे जे काही बरेवाईट आहे ते सगळे तिथेच घडते, असे मला गेल्या दहा-बारा वर्षांच्या कामानंतर वाटते.

ज्यांच्या टेबलावर मी वाकले होते त्या काकू गेली बावीस वर्षे घरी गोडा मसाला करून विकतात. दर उन्हाळ्यात मसाला होतो, ठरलेली गिऱ्हाइके येऊन घेऊन जातात, काही डबे लेकीसुनांबरोबर परदेशी जातात. मला बोलावले होते त्यांच्या सुनेने. गिऱ्हाइकांची एक पिढी आता थकत चालली आहे, नवी पिढी फोनवर पाहून घेते, तेव्हा फोनवर पाठवता येईल असा छोटा व्हिडिओ हवा, असा तिचा साधा विचार होता. मी आधी केलेल्या दोनतीन जाहिराती काकूंना दाखवल्या. साबणाच्या वड्या एकावर एक चढून उभ्या राहतात, वह्या आपणहून उघडतात, असे त्यांत होते. काकूंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारले, "अगं, पण मसाला काय नाचवून विकायचा?"

त्या दिवशी मी दिलेले उत्तर मला आज आठवतही नाही, इतके ते तकलादू असावे. पण प्रश्न बरोबर होता आणि तो माझ्याबरोबर राहिला. धंद्याच्या जाहिरातीत एरवी माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोणीतरी उभे असते. नट असतो, हसरी गृहिणी असते, भारदस्त आवाज असतो, आणि आपण विश्वास ठेवतो तो खरे तर त्या माणसावर. स्टॉप मोशनमध्ये मधले माणूस निघून जाते आणि मालालाच काम करावे लागते. धण्याला धण्यासारखे गडगडावे लागते, तमालपत्राला तमालपत्रासारखे तरंगत उतरावे लागते. म्हणून ही जाहिरात करणाऱ्याला त्या वस्तूचा स्वभाव माहीत करून घेण्यावाचून गत्यंतर नसते. एका मोठ्या कारखान्याचा तयार माल असेल तर हा स्वभाव थोडक्यात संपतो, कारण सगळ्या वड्या सारख्या असतात. घरगुती धंद्यात तो संपत नाही.

या माध्यमाच्या पूर्वजांकडे पाहिले की मला गंमत वाटते ती काड्यापेटीची. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांनी केलेल्या एका अगदी जुन्या चित्रफितीत आगकाड्यांची केलेली माणसे काळ्या भिंतीवर अक्षरे लिहितात आणि सैनिकांसाठी काड्यापेट्या पाठवा असे आवाहन करतात. ती १८९९ ची की १९१४ ची, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण ती एका काड्यापेट्यांच्या कंपनीची जाहिरात होती यात शंका नाही. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्याच हलवल्या, आणि आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी केलेल्या अशा प्रकारच्या चित्रफितीचे नावच 'आगकाड्यांची मौज' होते. तीन देशांतल्या तीन माणसांना काडीच का सुचावी? मला वाटते, काडी स्वस्त असते, सगळ्या काड्या एकसारख्या असतात, एक मोडली तर दुसरी तिच्या जागी ठेवता येते, आणि तिला डोके असते. डोके असलेली वस्तू कुठे पाहते आहे हे आपल्याला लगेच समजते, आणि जी वस्तू पाहते ती जिवंत वाटते.

पण फाळक्यांच्या बाबतीत मला काड्यांपेक्षा वाटाणा मोलाचा वाटतो. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते लंडनहून परतले तेव्हा विल्यमसन बनावटीचा कॅमेरा त्यांनी मागवला होता, विद्या हाती आली होती, आणि चित्रपट काढायला लागणारे पैसे मात्र नव्हते. विम्याची पॉलिसी आधीच गहाण पडली होती. पैसे देऊ शकणाऱ्या माणसाला आपण काय करणार आहोत हे नुसत्या शब्दांनी पटवणे अवघड होते, कारण इथल्या माणसाने इथे असे काही केल्याचे त्याने पाहिलेच नव्हते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ दररोज त्याची चित्रे घेतली. ती सलग दाखवल्यावर मिनिटभरात बी फुटते, अंकुर वर येतो, वेल चढू लागतो. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ती फीत त्यांनी भांडवलदाराला दाखवली, कर्ज उभे राहिले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

काटेकोर बोलायचे तर तो स्टॉप मोशन नव्हे, टाइमलॅप्स. वाटाणा आपणहून वाढत होता, त्याला कोणी हात लावत नव्हते. तरीही ज्याला आज आपण धंद्यासाठी केलेला व्हिडिओ म्हणतो त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. एकाच माणसाला पटवायचे होते, एकच मिनिट होते, आणि फाळक्यांनी त्या मिनिटात स्वतःबद्दल एक शब्दही सांगितला नाही. पडद्यावर फक्त वाटाणा होता. पण पाहणाऱ्याला त्या मिनिटाच्या मागचा महिना दिसला असणार. हा माणूस रोज उठून त्या कुंडीसमोर गेला, त्याने यंत्र जागचे हलू दिले नाही, रोपाला पाणी घातले आणि वाट पाहिली, हे कळल्यावर कर्ज देणाऱ्याला तारण म्हणून आणखी काय हवे होते, असे मला कधी कधी वाटते. स्टॉप मोशनच्या जाहिरातीतही गिऱ्हाइकाला असेच काहीसे जाणवते, असा माझा अनुभव आहे. कोणीतरी या वस्तूपाशी बसले होते, हे त्याला न सांगता कळते.

काकूंच्या टेबलापाशी मी अडीच दिवस बसले. ट्रायपॉडला आडवा दांडा लावून कॅमेरा खाली तोंड करून टांगला होता, ट्रायपॉडचे पाय फरशीला चिकटपट्टीने बांधले होते, टेबलाच्या एका डुगडुगत्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी होती. कॅमेऱ्याचे जे जे आपोआप चालते ते बंद करावे लागते. फोकस, उजेड, रंग, सगळे हाताने ठरवून तिथेच थांबवायचे, नाहीतर प्रत्येक फोटोत कॅमेरा नव्याने विचार करतो आणि सलग पाहताना चित्र थरथरते. लॅपटॉपच्या पडद्यावर आधीचा फोटो फिकट आणि समोरचे दृश्य त्याच्यावर ठळक असे एकदम दिसत राहते, त्यामुळे दाणा किती सरकला ते मोजता येते.

पहिल्या दिवशी मी खिडकीच्या उजेडात काम केले, कारण सकाळचे ते ऊन तिळावर फार सुंदर पडले होते. रात्री फीत लावून पाहिली तेव्हा दोन सेकंदांत उन्हाचा पट्टा ताटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळत गेला. शिवाय मी पांढरा कुडता घातला होता. मी वाकले की कुडत्यावरचा उजेड कढईच्या पोटात पडे, मागे सरकले की नाहीसा होई, आणि त्यामुळे सबंध चित्र पापण्या मिटल्यासारखे उघडझाप करत होते. त्या दिवसाचे एकाहत्तर फोटो टाकून द्यावे लागले. दुसऱ्या दिवशी खिडकीला काळे कापड, दोन दिवे, माझ्या अंगावर गडद निळा कुडता. पंखा लावायची सोय नव्हती, कारण दगडफूल इतके हलके असते की मी जरा जोरात श्वास सोडला तरी त्याचा पापुद्रा वळे. त्याच्या प्रत्येक तुकड्याखाली शेवटी मोहरीएवढे मेण लावले. चैत्रातली दुपार, बंद खोली, दोन दिवे आणि पंखा नाही. काकू तासातासाने पन्ह्याचा पेला आणून दाराबाहेर ठेवत, कारण आत पाऊल टाकले तर फरशी हलेल हे त्यांना आता माहीत झाले होते. एकदा मात्र त्यांनी स्वयंपाकघरात सवयीने खलबत्ता काढला आणि वेलदोड्याच्या चार ठोक्यांसरशी माझे सतरा धणे जागचे हलले. संध्याकाळी सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की दोनपैकी एक दिवा किंचित मंद होई. डोळ्यांना ते दिसत नव्हते. कॅमेऱ्याला दिसत होते.

या गोष्टी तांत्रिक आहेत आणि त्या शिकता येतात. जी गोष्ट मला काकूंकडून शिकावी लागली ती वेगळी होती.

मी आखलेल्या क्रमात धणे पहिले होते. मसाल्यात धण्यांचे माप सर्वांत मोठे, दाणा गोल, गडगडतो छान, आणि फोनवरच्या व्हिडिओला पहिल्या दोन सेकंदांत डोळा धरावा लागतो, म्हणून धण्यांनी सुरुवात, मग सुक्या खोबऱ्याचे काप, मग लवंग-दालचिनी आणि शेवटी चक्रफूल, असा माझा कागद होता. काकूंनी तो चष्मा लावून वाचला आणि बाजूला ठेवला.

"धणे आधी कसे भाजशील? तीळ कुठेयत?"

मी म्हटले, "काकू, हा क्रम दिसण्याचा आहे. भाजण्याचा नाही."

"पण मसाला कढईतच चाललाय ना तुझ्या चित्रात? मग कढईत जे पहिलं पडतं ते पहिलं पडू दे. कोरडं आधी भाजायचं. तीळ, खसखस, खोबरं. मग तेल टाकायचं आणि बाकीचं त्यात. तेलातलं आधी घेतलंस तर कढई पुसत बसावी लागते, आणि तिळाला तेलकट वास धरतो."

मी दोनदा त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. तीळ ही स्टॉप मोशनसाठी सर्वांत अवघड वस्तू आहे; एकेक तीळ हलवणे माणसाच्या हातचे नाही, आणि चिमटा लावला की चार तीळ त्यालाच चिकटून येतात. काकूंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माझी गिऱ्हाइकं बायका आहेत गं. चाळीस-चाळीस वर्षं मसाला केलेल्या. धणे आधी पडताना दिसले की त्या म्हणतील, हिला मसाला येत नाही."

तेव्हा मी कागद फाडला. धंद्याच्या जाहिरातीत पाहणारा अडाणी आहे असे धरून चालण्याची आम्हा लोकांना सवय लागलेली असते. त्याचे लक्ष कसे धरावे एवढेच आम्ही मोजतो. पण ज्या मालाचे गिऱ्हाईक स्वतः त्या मालातले जाणते असते, तिथे ते लक्ष चमत्काराने धरले जात नाही. क्रम बरोबर आहे, माप बरोबर आहे, हे पाहून ते थांबते. तीळ मी अखेर जलरंगाच्या कोरड्या कुंचल्याने ढकलले, दाण्यादाण्याने नव्हे तर ढिगाने, जसे ते खरोखर परातीतून कढईत उतरतात तसे. ढिगाची पुढची कड दर फोटोला किती पुढे जाईल तेवढेच पाहिले. सुरुवातीला दोन मिलिमीटर, मग चार, मग सात, दहा, आणि कढईशी येताना पुन्हा चार, दोन, एक. वस्तू सावकाश निघते, मध्ये वेग घेते आणि सावकाश थांबते, हा हालचालीचा पहिला धडा आहे. सगळी पावले सारखी टाकली तर यंत्राने ढकलल्यासारखे दिसते. खसखशीचे मात्र दुःख राहिले. ती लॅपटॉपवर दिसायची, पण व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन पोहोचतो, आणि त्यात खसखशीचा नुसता राखाडी धूर होई. शेवटी तिचा एक चमचा जवळून, सबंध चौकट भरून घेतला. नागकेशरालाही असेच जवळून घेतले, कारण ते खरे आहे हे त्याच्या देठावरून ओळखतात असे काकूंचे म्हणणे, आणि देठ दिसत नसेल तर दाखवून उपयोग काय.

दोन फोटोंच्या मधल्या त्या जागेबद्दल आणखी एक गोष्ट लिहायला हवी, आणि ती लिहिताना मला सुख होत नाही. त्या जागेत हात शिरतो, म्हणजे त्या जागेत काहीही बदलता येते. कपाच्या जागी पेला ठेवता येतो, पिकलेल्या आंब्याच्या जागी कैरी ठेवता येते, आणि पाहणाऱ्याला जादू वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीसाठी मी एक जाहिरात केली. पाकीट उघडते, आतून काजू बाहेर येऊन रांगेत उभे राहतात. पाकिटातल्या मालात तुकडे बरेच होते. मला बाजारातून निवडून आणलेले अख्खे, मोठे काजू दिले गेले, आणि पाकीट उघडल्याचा फोटो व पहिला काजू बाहेर डोकावल्याचा फोटो यांच्या मध्ये मी ते ठेवले. कोणी मला जबरदस्ती केली नव्हती. जाहिरात सत्य आणि प्रामाणिक असावी, हे आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेच्या संहितेचे पहिलेच प्रकरण सांगते, आणि ही परिषद १९८५ पासून आहे. मला ते ठाऊक होते. काम फार देखणे झाले होते. ते मी आता कोणाला दाखवत नाही. चित्रीकरणात दिवे लावून, तेलाचा हात फिरवून माल चांगला दाखवणे आणि दुसराच माल दाखवणे यांत फरक आहे, आणि स्टॉप मोशनमध्ये तो फरक पाळणे सर्वस्वी हात घालणाऱ्यावर असते, कारण तिथे दुसरा साक्षीदारच नसतो. काकूंच्या कामात मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की टेबलावर येईल ते त्यांच्या डब्यातलेच येईल. त्यांना त्याचे नवल वाटले. "मग दुसरं कुठून आणणार होतीस?" असे त्यांनी विचारले.

आणखी एक मोह असतो, वस्तूला हातपाय लावण्याचा. माझे आजोळ तासगावकडचे, मामाची बेदाण्याची शेड होती, जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे पंधरा-वीस दिवसांत सुरकुतताना मी लहानपणी पाहिलेली आहेत. त्यामुळे अमेरिकेतल्या बेदाणा उत्पादकांची गोष्ट मी जरा जास्तच आपुलकीने वाचली होती. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बेदाणा मंडळासाठी विल व्हिंटन यांच्या स्टुडिओने मातीचे बेदाणे केले. सुरकुत्या तशाच ठेवून त्यांना बारीक हातपाय दिले, डोळ्यांवर काळे चष्मे चढवले आणि एका जुन्या गाजलेल्या गाण्यावर नाचवले. ते बेदाणे इतके लोकप्रिय झाले की त्यांची खेळणी निघाली, कपड्यांवर चित्रे आली, त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या विकल्या गेल्या. मंडळ मात्र उत्पादकांशी झालेल्या मतभेदांतून १९९४ मध्ये बंद झाले. ते काम कलेच्या दृष्टीने पहिल्या प्रतीचे आहे याबद्दल मला शंका नाही. सुरकुतीलाच व्यक्तिमत्त्व बनवण्याची कल्पना शेडमध्ये वाढलेल्या मला तर फारच जवळची वाटते. पण ती फीत पाहताना मला मामाची आठवण येते. नाचणाऱ्या बेदाण्याचे बाहुले घेऊन गेलेल्या मुलाने घरी जाऊन मूठभर बेदाणे खाल्ले का, हा प्रश्न मंडळाला वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडेही या शतकाच्या सुरुवातीला मोटारीच्या बॅटरीच्या जाहिरातीत मातीच्या बाहुल्या आल्या होत्या आणि त्या अनेकांना आजही आठवतात. बॅटरी ही बोनेटखाली दडलेली वस्तू, तिच्यासाठी बाहुल्यांचे नाट्य उभे करणे मला पटते, कारण तिच्याकडे दाखवण्यासारखा चेहरा नाही. मसाल्याला चेहरा आहे. लवंगेला डोळे काढायची सूचना सुनेने केली होती. ती मी नाकारली, आणि आजही नाकारीन.

या कामाचे पैसे किती, हा प्रश्न येतोच. हल्ली असा व्हिडिओ संगणकाला सांगून काही मिनिटांत मिळतो, मातीवर बोटांचे ठसे उमटल्यासारखेही दाखवता येतात, मग अडीच दिवसांचे पैसे कशासाठी, असे मला दर महिन्याला कोणीतरी विचारते. ज्यांना दर दिवसाला एक व्हिडिओ टाकायचा आहे त्यांना मी खरोखरच सांगते की हे माध्यम तुमच्यासाठी नाही. ज्यांच्याकडे वर्षभर दाखवता येईल अशी एकच खरी गोष्ट आहे, त्यांच्यासाठी ते आहे. संगणकाने केलेला धणा सुंदर असेल, पण तो काकूंच्या डब्यातला नसेल, आणि कोणाच्याच डब्यातला नसेल. तो पाहून जो मसाला मागवेल त्याने नक्की काय पाहिले असे म्हणायचे? काकूंचा व्हिडिओ गेल्यावर त्यांना आलेल्या फोनांतला मला आवडलेला फोन एका तरुण मुलीचा होता. तिने भाव विचारलाच नाही. कढईत वळत वळत पडले ते काळे, कागदासारखे काय होते, असे तिने विचारले. काकूंनी तिला पंधरा मिनिटे दगडफुलाबद्दल सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचे तीन सेकंद राहिले होते. भाजलेल्या अख्ख्या जिनसांचा ढीग आणि डंकावरून कुटून आणलेला मसाला, या दोहोंच्या मधले. मी एकदम बदल करणार होते, एका फोटोत अख्खे आणि पुढच्या फोटोत पूड. काकूंना ते आवडले नाही. कुटायला वेळ लागतो, म्हणाल्या, तो कुठे गेला. मग आम्ही छत्तीस फोटो धरले आणि दर फोटोला ढिगाच्या मधून एक लहान चमचा अख्खे काढायचे आणि तेवढीच पूड तिथे ठेवायची असे ठरवले. रंग आधी डागांसारखा आला, मग पसरला, आणि करडा, तांबूस, पिवळट असा तो सगळा मेळ हळूहळू एकाच गडद तपकिरी रंगात गेला. चमचा मी घालत होते आणि रिमोटचे बटण काकूंच्या हातात होते. विसाव्या फोटोनंतर त्यांनी बटण माझ्या हातात दिले आणि चमचा घेतला.

शेवटच्या फोटोआधी ढिगाच्या टोकावर चिमूटभर पूड ठेवायची होती. त्यांनी ती ठेवली, बोटाच्या टोकाने जरा डावीकडे सारली, हात चौकटीबाहेर काढला आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकून पाहिले, जिथे आधीचा फोटो फिकट दिसत होता. मी बटणावर बोट ठेवले.

"थांब," त्या म्हणाल्या, "हे उडी मारेल."

त्यांनी हात पुन्हा आत घातला, ती चिमूट अर्धा मिलिमीटर उजवीकडे आणली, आणि श्वास रोखून मागे सरकल्या.

"हं. आता काढ."